नायिराची साक्ष आणि युद्धासाठी घडवलेलं जनमत

पाऊलवाट (धागाकर्ता)

परदेशातल्या युद्धांबद्दल आपली मतं कशी बनतात यावर इथे बऱ्याच धाग्यांत खडाजंगी झाली आहे. चर्चा बहुतेक वेळा 'मीडिया विकला गेलाय' या वाक्यापाशी येऊन थांबते. मला ते अपुरं वाटतं. कोणी कोणाला किती पैसे दिले, त्या पैशांत काय करून घेतलं आणि ते कसं उघड झालं, हे सगळं कागदोपत्री सापडतं असं एक प्रकरण आहे: १९९१ च्या आखाती युद्धाआधी नायिरा नावाच्या मुलीने दिलेली साक्ष. ते जरा सविस्तर मांडतो.

२ ऑगस्ट १९९० रोजी इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या. अमीर आणि राजघराण्यातली मंडळी सौदी अरेबियात पळाली. आठवड्याभरातच अमेरिकेचं सैन्य सौदीत उतरू लागलं. पण प्रत्यक्ष युद्धाला अमेरिकी जनता तयार नव्हती. व्हिएतनाम संपून जेमतेम पंधरा वर्षं झाली होती. शिवाय कुवेत काही लोकशाही देश नव्हता: अमिरांनी १९८६ साली संसद बरखास्त केली होती आणि बायकांना मताधिकारच नव्हता. एका श्रीमंत राजघराण्याला गादी परत मिळवून देण्यासाठी आपली मुलं का मारायची, असं लोक विचारत होते आणि त्यांचं विचारणं रास्त होतं.

त्याच ऑगस्टमध्ये 'सिटिझन्स फॉर अ फ्री कुवेत' नावाची संस्था उभी राहिली. नावावरून वाटतं की नागरिकांनी वर्गणी काढून चालवलेली असावी. तिच्याकडे जमा झालेल्या सुमारे १ कोटी १९ लाख डॉलरपैकी सामान्य व्यक्तींकडून आलेली रक्कम अठरा हजार डॉलरही भरत नव्हती. बाकी सगळा पैसा कुवेत सरकारचा. त्यातले जवळपास १ कोटी ८ लाख डॉलर 'हिल अँड नोल्टन' या बड्या जनसंपर्क कंपनीला मिळाले. कंपनीच्या वॉशिंग्टन कचेरीचे प्रमुख क्रेग फुलर हे जॉर्ज बुश उपराष्ट्राध्यक्ष असताना त्यांचे चीफ ऑफ स्टाफ होते. आता बुश राष्ट्राध्यक्ष होते.

कंपनीने काय केलं? टी-शर्ट, गाड्यांवर लावायचे स्टिकर, विद्यापीठांतले कार्यक्रम, पत्रकारांसाठी माहितीचे संच हे तर झालंच. वृत्तवाहिन्यांना जशाच्या तशा दाखवता येतील अशा तयार बातमीफितीही पुरवल्या. त्या कंपनीने बनवल्या आहेत हे प्रेक्षकाला कळायची सोय नव्हती. पण खरं मोलाचं काम पाहणीचं होतं. आधीचे राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्यासाठी जनमत चाचण्या करणाऱ्या वर्थलिन ग्रुपकडून लोकांची मनं सतत तपासून घेतली जात होती. कोणता मुद्दा ऐकल्यावर लोक हलतात? आंतरराष्ट्रीय कायदा, तेलाचा पुरवठा, छोट्या देशाचं सार्वभौमत्व यांनी नाही. सद्दाम हा निर्दय माणूस आहे आणि तो सामान्यांवर अत्याचार करतो, या मुद्द्याने लोक हलत होते. मग त्या मुद्द्याला चेहरा हवा होता.

१० ऑक्टोबर १९९० रोजी अमेरिकी संसदेच्या 'ह्युमन राइट्स कॉकस'पुढे एक पंधरा वर्षांची मुलगी बोलायला उभी राहिली. नाव फक्त 'नायिरा'. कुवेतमध्ये अडकलेल्या कुटुंबाच्या सुरक्षेसाठी पूर्ण नाव देत नाही, असं सांगण्यात आलं. आपण अल-अद्दान रुग्णालयात स्वयंसेविका होतो, इराकी सैनिक बंदुका घेऊन आत शिरले, त्यांनी इन्क्युबेटरमधली बाळं बाहेर काढली, इन्क्युबेटर नेले आणि बाळांना थंड फरशीवर मरायला सोडून दिलं, असं तिने रडत रडत सांगितलं. त्याचं चित्रण झालं आणि ते देशभर दाखवलं गेलं.

इथे कार्यपद्धतीतली एक बाब फार महत्त्वाची आहे. कॉकस म्हणजे संसदेची अधिकृत समिती नव्हे, तो खासदारांचा अनौपचारिक गट. त्यामुळे त्याच्यापुढे साक्ष शपथेवर होत नाही आणि खोटं बोललं तरी शपथभंगाचा गुन्हा लागत नाही. टीव्हीवर मात्र लाकडी टेबल, मायक्रोफोन, समोर बसलेले खासदार हे सगळं हुबेहूब संसदीय समितीसारखं दिसतं. कॉकसचे दोन्ही अध्यक्ष, टॉम लँटोस आणि जॉन पोर्टर, 'काँग्रेशनल ह्युमन राइट्स फाउंडेशन' नावाच्या संस्थेशी जोडलेले होते. त्या संस्थेला हिल अँड नोल्टनच्याच कचेरीत सवलतीच्या भाड्यात जागा मिळाली होती.

मग ही गोष्ट पसरत गेली. बुश यांनी पुढच्या आठवड्यांत ती पुन्हा पुन्हा सांगितली. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे नोव्हेंबरअखेर याच कंपनीने आखलेलं सादरीकरण झालं. दोनच दिवसांनी, २९ नोव्हेंबरला, बळाच्या वापराला परवानगी देणारा ठराव ६७८ मंजूर झाला. डिसेंबरमध्ये ॲम्नेस्टी इंटरनॅशनल या मानवी हक्क संघटनेने आपल्या अहवालात इन्क्युबेटरमधून काढल्यामुळे ३१२ बाळं दगावल्याचा आकडा दिला. ॲम्नेस्टीचं नाव लागल्यावर शंका घेणार कोण? १२ जानेवारी १९९१ रोजी सिनेटने युद्धाला संमती दिली ती ५२ विरुद्ध ४७ मतांनी. चर्चेत काही सिनेटरांनी या बाळांचा उल्लेख केला. १७ जानेवारीला बगदादवर बॉम्बवर्षाव सुरू झाला.

फेब्रुवारीअखेर कुवेत मोकळं झालं. मार्चमध्ये एबीसी या अमेरिकी वाहिनीचे वार्ताहर जॉन मार्टिन यांनी तिथल्या रुग्णालयांत जाऊन डॉक्टरांना गाठलं. बाळं दगावली होती हे खरं होतं. पण त्याचं कारण, डॉक्टर आणि परिचारिका देश सोडून गेल्याने त्यांच्याकडे पाहायला माणसंच उरली नव्हती. सैनिकांनी बाळांना फरशीवर टाकल्याला दुजोरा मिळाला नाही. एप्रिलमध्ये ॲम्नेस्टीने आपला दावा मागे घेतला. आणि ६ जानेवारी १९९२ रोजी 'हार्पर्स' मासिकाचे प्रकाशक जॉन मॅकआर्थर यांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहून ती मुलगी कोण हे जाहीर केलं. कुवेतचे अमेरिकेतले राजदूत सौद नासिर अल-सबाह यांची ती मुलगी होती.

टीका झाल्यावर कुवेत सरकारने 'क्रोल' या खासगी तपास संस्थेला काम दिलं. त्या तपासात नायिराने स्वतः सांगितलं की इन्क्युबेटरबाहेरचं एकच बाळ आपण पाहिलं होतं, तेही क्षणभर.

मला यात सगळ्यात अस्वस्थ करतं ते असं. हे सगळं थांबवायला एक साधा प्रश्न पुरला असता: 'ही मुलगी कोण?' वॉशिंग्टनमध्ये शेकडो अनुभवी पत्रकार होते. नाव लपवायचं दिलेलं कारण सभ्य होतं, म्हणून तो प्रश्न विचारणंच असभ्य ठरलं. मुलीच्या अश्रूंवर शंका घेणारा माणूस क्रूर दिसतो. जनसंपर्काचं कौशल्य मला इथे दिसतं. खोटं खपवणं हा त्याचा छोटा भाग आहे. प्रश्न विचारणाऱ्याला आधीच लाज वाटेल अशी परिस्थिती उभी करणं, हा मोठा भाग.

सातपुडा

लेख मेहनतीने लिहिला आहे. पण मी निष्कर्षाशी सहमत नाही. सद्दामने शेजारचा देश गिळला होता. ते परतवायलाच हवं होतं. सौदीत पाच लाखांच्या आसपास अमेरिकी सैनिक नेऊन ठेवल्यावर एका मुलीच्या साक्षीवर युद्ध अडलं असतं असं खरंच वाटतं का? निर्णय तेलाचा होता, सामरिक होता आणि बुश यांच्या डोक्यात तो ऑगस्टमध्येच झाला असणार. जनसंपर्क कंपन्या आपलं महत्त्व फुगवून सांगतात, कारण त्यांना पुढचं गिऱ्हाईक मिळवायचं असतं. आपण त्यांच्या टीकाकारांनीही त्यांना तेवढंच मोठं करून ठेवलं आहे.

दुसरं, इराक्यांनी कुवेतमध्ये अत्याचार केलेच नाहीत असा ग्रह हा लेख वाचून कोणाचा होऊ नये.

पाऊलवाट (धागाकर्ता)

@सातपुडा, तुमचा दुसरा मुद्दा शंभर टक्के मान्य आणि तो मी लेखातच ठळक मांडायला हवा, म्हणून इथे लिहितो. कुवेतमध्ये लोकांना उचललं, छळलं, गोळ्या घातल्या. सहाशेच्या घरात माणसं बेपत्ता झाली आणि त्यांतल्या अनेकांचे अवशेष २००३ नंतर इराकमधल्या सामूहिक कबरींत सापडले. माघार घेताना सहाशेहून जास्त तेलविहिरी पेटवून दिल्या. हे सगळं पुराव्यानिशी सिद्ध आहे.

म्हणूनच मला त्या कंपनीचा जास्त राग येतो. खरे पीडित होते. त्यांच्या साक्षी नोंदवता आल्या असत्या. पण खरी साक्ष ओबडधोबड असते, तिच्यात तारखा हुकतात, माणूस मध्येच गप्प होतो. चाचणीत लोकांना हलवणारी गोष्ट हवी होती, ती राजदूताच्या घरातून आली.

पहिल्या मुद्द्यावर: युद्ध केवळ साक्षीमुळे झालं असं मी म्हणत नाही. बुश यांनी मतदान हरलं तरी युद्ध केलं असतं, हेही शक्य आहे. पण सिनेटमध्ये फरक पाच मतांचा होता. तीन जण इकडचे तिकडे झाले असते तर ठराव पडला असता. अशा ठिकाणी 'फरक पडला नाही' असं छातीठोक म्हणता येणार नाही.

रात्रपाळी

ऐंशी-नव्वदच्या दशकांत मी एका मराठी दैनिकात आंतरराष्ट्रीय पानाच्या डेस्कवर होतो. अमेरिकेतली बातमी आपल्या वाचकापर्यंत कशी पोचायची ते सांगतो. साक्षीच्या या धाग्याशी त्याचा जवळचा संबंध आहे.

टेलिप्रिंटरवर पीटीआय आणि यूएनआय या भारतीय वृत्तसंस्थांची इंग्रजी कॉपी, म्हणजे बातमीचा मजकूर, यायची. परदेशातल्या घडामोडींची कॉपी बहुतेक वेळा रॉयटर्स, एपी किंवा एएफपी या परदेशी वृत्तसंस्थांची असायची. मराठी पेपरचा स्वतःचा वार्ताहर आखातात असण्याचा प्रश्नच नव्हता. एवढ्या मोठ्या युद्धाबद्दल आपल्याकडे जे छापलं जायचं ते मूळचं तीन-चार संस्थांच्या चाळणीतून उतरलेलं. त्या संस्थांचे लोक कष्टाळू होते, त्यांच्यावर माझा रोष नाही. पण वॉशिंग्टनमध्ये सकाळी जे सांगितलं गेलं तेच रात्री आमच्या टेबलावर.

डाक आवृत्ती लवकर सोडावी लागायची, कारण एसटीने तालुक्याला जाणारे गठ्ठे थांबत नसत. तासाभरात पान लावायचं. कॉपीत लिहिलेलं असायचं, 'अमुकच्या म्हणण्यानुसार', 'या दाव्याची स्वतंत्रपणे पुष्टी होऊ शकली नाही'. कॉलमची रुंदी आणि मथळ्याची अक्षरं मोजताना सगळ्यात आधी जायचं ते हेच. मथळ्यात 'आरोप' हा शब्द बसला नाही की आरोप थेट घटना व्हायचा. यात कोणाचा डाव नव्हता, कोणी पैसे दिले नव्हते. जनसंपर्कवाल्यांना मात्र हे पक्कं ठाऊक असतं. वाक्यात विशेषण आणि चित्र असं ठेवायचं की प्रत्येक हातातून जाताना तेवढंच टिकेल, 'म्हणण्यानुसार' गळून पडेल.

आणि खुलासा? तो वर्षाने येतो. तेव्हा युद्ध संपलेलं असतं, पानावर दुसरा विषय असतो. आतल्या पानात चार ओळी लागल्या तर लागल्या. पहिली बातमी वाचलेल्या माणसापर्यंत त्या चार ओळी पोचवायची कुठलीच व्यवस्था वर्तमानपत्रात नसते. ही उणीव मला नोकरीभर सलत राहिली आणि आजही ती कोणी भरून काढलेली नाही.

खडीसाखर

वाचतेय. रात्रपाळी, तुमचा प्रतिसाद वेगळ्या लेखाच्या योग्यतेचा आहे, जरूर लिहा.

मांडवी

माझे काका कुवेतला फहाहीलमध्ये एका दुकानात कामाला होते. आमच्या गोव्यातल्या कितीतरी घरांतली माणसं तेव्हा कुवेतला होती, केरळची तर त्याहून किती जास्त. त्यामुळे या विषयाकडे मी जरा वेगळ्या बाजूने पाहते.

काका सांगतात त्यात इन्क्युबेटर कुठे नाही. त्यांच्या सांगण्यात आहे ते असं: इराकी दिनार आणि कुवेती दिनार एकाच भावाचे असल्याचं फर्मान निघालं आणि आयुष्यभराची बचत एका रात्रीत मातीमोल झाली. दुकानांचे कुलूप फोडून माल ट्रकांत भरून बगदादकडे नेला. नाक्यानाक्यावर तपासणी. ब्रेडच्या रांगा. मग बसने बसरा, बगदाद आणि जॉर्डनची सरहद्द, तिथे वाळवंटातल्या छावणीत पाण्यासाठी हाणामारी आणि शेवटी अम्मानहून मुंबईला एअर इंडियाचं विमान. एअर इंडियाने तेव्हा दोन महिन्यांत एक लाखाहून जास्त माणसं आणली.

आता तुम्ही लेखात लिहिलंय की बाळं दगावली ती डॉक्टर-परिचारिका निघून गेल्यामुळे. कुवेतच्या रुग्णालयांत परदेशी परिचारिका किती होत्या ते विचारा. भारतातल्या होत्या, फिलिपिन्सच्या होत्या. त्या का गेल्या? पगार थांबला, पैसा बुडाला, रस्त्यावर सैनिक, घरच्यांचा फोन लागत नाही. आक्रमण झालं नसतं तर त्या तिथेच असत्या आणि ती बाळं वाचली असती. म्हणजे त्या मृत्यूंना सद्दामचं आक्रमण जबाबदार आहेच की. फक्त त्यात राक्षस दिसत नाही. मोडलेली व्यवस्था दिसते आणि तिच्याबरोबर नोकरी सोडून जीव वाचवणाऱ्या हजारो कष्टकरी बायका दिसतात. ती खरी गोष्ट कुठल्या अमेरिकी वाहिनीने सांगितली असती? त्या बायकांना कोणी कॅमेऱ्यापुढे बोलावलं असतं?

खोट्या गोष्टीने खरी गोष्ट झाकली, याचं मला जास्त दुःख आहे.

पाऊलवाट (धागाकर्ता)

@मांडवी, हा धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रतिसाद आहे. काकांची परवानगी असेल तर त्यांच्याकडून सविस्तर लिहून घ्या. आखातातून परतलेल्यांच्या आठवणी मराठीत फार थोड्या नोंदल्या गेल्या आहेत.

बोरीबंदर

साक्षीचा भाग युद्धाआधीचा. युद्ध सुरू झाल्यावर काय झालं तेही बघायला हवं.

जानेवारी १९९१ मध्ये मुंबईत सीएनएन पहिल्यांदा पाहिलेले बरेच जण इथे असतील. तोवर दूरदर्शनशिवाय काही नव्हतं. मोठ्या हॉटेलांनी डिश अँटेना लावल्या, मागोमाग गल्लीतल्या केबलवाल्यांनी. भारतात उपग्रह वाहिन्यांचं वेड लागलं ते या युद्धापासून. बगदादचं रात्रीचं आकाश, हिरवट चित्रं, वर जाणाऱ्या विमानभेदी गोळ्यांच्या रेषा. आणि लष्करी पत्रकार परिषदांत दाखवलेल्या फिती, ज्यांत बॉम्ब नेमका इमारतीच्या झरोक्यातून आत जातो.

त्या फिती खऱ्याच होत्या. पण त्या युद्धात टाकलेल्या बॉम्बपैकी नेमका वेध घेणारे बॉम्ब दहात एकही नव्हते. बाकी सगळे नेहमीचे, वरून सोडून द्यायचे. पडद्यावर मात्र शंभरातले शंभर नेमके. इथे खोटं बोलायची गरजसुद्धा पडली नाही, फक्त निवड करावी लागली.

पत्रकारांना आघाडीवर मोकळं फिरता येत नव्हतं. 'पूल' पद्धत होती: ठरावीक पत्रकारांचा गट, सोबत लष्करी अधिकारी, मजकूर पाठवण्याआधी लष्कराची तपासणी. व्हिएतनाममध्ये वार्ताहर हवे तिथे गेले आणि युद्ध दिवाणखान्यात पोचलं, हा धडा पेंटागॉनने, म्हणजे अमेरिकी संरक्षण खात्याने, पक्का घेतला होता.

१३ फेब्रुवारीला बगदादमधल्या अल-अमिरिया आश्रयस्थानावर बॉम्ब पडले आणि चारशेहून जास्त नागरिक जळून मेले. सीएनएनचे पीटर आर्नेट बगदादमध्ये राहून वार्तांकन करत होते. शत्रूचा प्रचार करतो म्हणून त्यांच्यावर अमेरिकेत टीकेची झोड उठली. युद्धाच्या अखेरीस केनेथ जॅरेक या छायाचित्रकाराने ट्रकमध्ये जळून कोळसा झालेल्या इराकी सैनिकाचा फोटो काढला. एपीच्या न्यूयॉर्क कचेरीने तो पुढे पाठवलाच नाही. ब्रिटनमध्ये 'ऑब्झर्व्हर'ने छापला. अमेरिकी वाचकाने ते युद्ध रक्ताशिवाय पाहिलं.

आणि मुंबईकरांसाठी: त्याच जानेवारीत अमेरिकी लष्करी मालवाहू विमानं आपल्या सहार विमानतळावर इंधन भरत होती. चंद्रशेखर सरकारने परवानगी दिली होती. बातमी फुटल्यावर गदारोळ झाला, बाहेरून पाठिंबा देणाऱ्या काँग्रेसने विरोध केला आणि फेब्रुवारीत ते बंद झालं. आपण तेव्हा केवळ प्रेक्षक नव्हतो.

उत्तरमेघ

या पद्धतीचं मूळ १९९० मध्ये नाही, ७५ वर्षं मागे जायला हवं.

पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला, १९१४ साली, जर्मन सैन्याने बेल्जियममध्ये हजारो निःशस्त्र नागरिक मारले. दिनाँ या एका गावात सहाशेहून जास्त. लूव्हाँचं विद्यापीठ ग्रंथालय जाळलं. हे इतिहासकारांनी नीट तपासून सिद्ध केलेलं आहे. ब्रिटिश सरकारने लॉर्ड ब्राइस यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल, जर्मन पाणबुडीने 'लुसिटानिया' हे ब्रिटिश प्रवासी जहाज बुडवल्यावर पाचच दिवसांनी, मे १९१५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि अनेक भाषांत जगभर वाटला गेला. अमेरिका तेव्हा तटस्थ होती, तिला वळवायचं होतं. निर्वासितांच्या सुमारे बाराशे जबान्या त्यात वापरल्या होत्या, पण त्या शपथेवर नव्हत्या आणि साक्षीदारांची नावं दिलेली नव्हती. नायिराची साक्ष आठवा. खऱ्या हत्यांच्या शेजारी बाळांना संगिनींवर उचलल्याच्या, हात तोडल्याच्या कहाण्या घातलेल्या होत्या.

एप्रिल १९१७ मध्ये लंडनच्या वर्तमानपत्रांनी आणखी पुढची पायरी गाठली: जर्मन लोक आपल्याच सैनिकांची प्रेतं उकळून चरबी काढतात. १९२५ साली परराष्ट्रमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी पार्लमेंटमध्ये जर्मनीचा इन्कार स्वीकारला आणि ती कहाणी निकालात निघाली.

आता याचा परिणाम बघा. १९४३ मध्ये पोलंडमधून नाझींच्या विषारी वायूच्या कोठड्यांच्या बातम्या येत होत्या. ब्रिटिश परराष्ट्र खात्यातले वरिष्ठ अधिकारी व्हिक्टर कॅव्हेंडिश-बेंटिंक यांनी त्यावर शेरा मारला की मागच्या युद्धातल्या प्रेतांपासून चरबी काढण्याच्या गोष्टींची आठवण होते. त्या बातम्या खऱ्या होत्या. माणसं खरोखर मारली जात होती, रोज हजारोंनी. पंचवीस वर्षांपूर्वीच्या खोट्याने खऱ्या साक्षीवरचा विश्वास आधीच खाऊन टाकला होता.

मांडवी यांनी दुःख म्हटलंय ते हेच. माझ्या मते हा या विषयाचा गाभा आहे आणि त्यापुढे कोणत्या कंपनीला किती डॉलर मिळाले हा भाग दुय्यम आहे.

सातपुडा

@उत्तरमेघ, हे पटलं. पण याचा उलटाही धोका आहे. आज कुठल्याही अत्याचाराची बातमी आली की लगेच 'इन्क्युबेटर आठवा' म्हणून ती उडवून लावणारे लोक दिसतात. युक्रेनमधल्या बुचामध्ये एप्रिल २०२२ मध्ये रस्त्यावर मृतदेह सापडले, तेव्हाही रशियाने सगळं रचलेलं आहे म्हणून सांगितलं आणि आपल्याकडे कित्येकांनी ते पुढे पाठवलं. उपग्रहांच्या चित्रांनी ते मृतदेह रशियन सैन्य तिथे असतानाच पडलेले होते हे दाखवलं. संशय घेणं सोपं असतं आणि त्यात शहाणपणाचा आव आणता येतो. अत्याचार करणाऱ्याला तेच हवं असतं.

खडीसाखर

सातपुडा यांच्या वरच्या प्रतिसादाला अनुमोदन.

मला एक विचारायचं आहे. इराकमधल्याच हलब्जामध्ये मार्च १९८८ मध्ये सद्दामने कुर्दांवर विषारी वायू सोडला, हजारो माणसं मेली. ती तर खरी घटना होती, फोटोही होते. तेव्हा अमेरिकी जनमत का पेटलं नाही?

पाऊलवाट (धागाकर्ता)

@खडीसाखर, कारण तेव्हा ते पेटवायला कोणी पैसे लावले नव्हते. १९८८ मध्ये इराक-इराण युद्ध चालू होतं आणि वॉशिंग्टनला इराण जिंकायला नको होता. अमेरिकी सरकारी गोटातून तर हलब्जाच्या दोषाचा वाटा इराणच्या माथीही टाकायचा प्रयत्न झाला. बातमी आली, फोटो छापले, निषेध झाला आणि विषय मागे पडला. कुर्दांकडे ना दूतावास होता, ना कंपनी. अडीच वर्षांनी तोच सद्दाम शत्रू झाल्यावर हलब्जा भाषणांत परत आलं. मेलेली माणसं तीच, पुरावा तोच.

कोणत्या युद्धाबद्दल आपल्याला काय कळतं हे पाहावं. पण कोणत्या युद्धाबद्दल काहीच ऐकू येत नाही तेही पाहावं. येमेन, सुदान, काँगो यांबद्दल आपल्या कुठल्याही वाहिनीवर सलग अर्धा तास कार्यक्रम झाल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

@सातपुडा, बुचाचं उदाहरण अगदी योग्य. तिथे लोकांनी 'कोण सांगतंय' एवढं विचारून थांबायचं नव्हतं. तपासलं गेलं, आणि तपासात खरं निघालं. नायिराच्या वेळी तपासायला कोणी गेलंच नाही. युद्ध संपेपर्यंत जाता येतही नव्हतं, हे खरं आहे. पण 'तपासलेलं नाही' एवढं ठळकपणे छापता आलं असतं.

शाळामास्तर

मी माध्यमिक शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवतो. नववीच्या मुलांच्या हातात आज फोन आहे. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षाच्या त्या रात्री काही वृत्तवाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचं सांगितलं. मुलं सकाळी शाळेत त्याच उत्साहात आली. तसं काही घडलेलं नव्हतं. व्हिडिओ गेममधली दृश्यं खऱ्या हल्ल्याची म्हणून फिरत होती. आपल्या स्वतःच्या सैन्याच्या कारवाईबद्दल मुलांना अभिमान वाटतो, तो वाटायलाच हवा. पण खोट्या दृश्यांवर तो उभा करण्याची आपल्या सैन्याला गरज नाही, हे मी वर्गात सांगितलं आणि दोन पालक तक्रार घेऊन आले.

तेव्हा मला जाणवलं की आपल्या देशाचं उदाहरण घेतलं की घरापर्यंत भांडण जातं आणि मुलं ऐकायचं बंद करतात. दूरच्या देशाचं, जुनं, निकाल लागलेलं उदाहरण हवं होतं. हा धागा त्यासाठी उपयोगी पडेल. पण मुलांपुढे मूळ साधनं ठेवायची आहेत, माझं सांगणं नको. ती कुठे मिळतील? आणि पैशांचे आकडे एवढे नेमके कसे कळले? असले व्यवहार लपवले जात नाहीत का?

पाऊलवाट (धागाकर्ता)

@शाळामास्तर, आधी आकड्यांचं. अमेरिकेत १९३८ सालचा परदेशी हस्तक नोंदणी कायदा आहे. नाझी प्रचाराला आळा घालायला तो केला गेला. परदेशी सरकारसाठी जनमतावर किंवा राजकारणावर प्रभाव टाकण्याचं काम घेणाऱ्या कंपनीला न्याय खात्याकडे नोंद करावी लागते, मिळालेली रक्कम आणि केलेलं काम सांगावं लागतं. हिल अँड नोल्टननेही ते केलं होतं. म्हणजे पैशांची माहिती सरकारदरबारी उघडी होती, पण युद्धाच्या धामधुमीत मोजक्याच जणांनी ती शोधली. ही कागदपत्रं आज इंटरनेटवर पाहता येतात. भारतीय दूतावासही वॉशिंग्टनमध्ये अशा कंपन्यांची सेवा घेतो, त्याचीही नोंद तिथे सापडते. मुलांना तीही दाखवा. सगळेच देश हे करतात, हे त्यांना कळलेलं बरं.

साधनांचं: १० ऑक्टोबर १९९० च्या त्या बैठकीचं चित्रण सी-स्पॅन या, अमेरिकी संसदेचं कामकाज दाखवणाऱ्या वाहिनीच्या संग्रहात आहे. मी सुचवेन की मुलांना आधी काहीही न सांगता नायिराचं बोलणं दाखवा आणि त्यांना काय वाटलं ते लिहायला सांगा. नंतर मॅकआर्थर यांचा लेख द्या. इंग्रजी सोपं आहे, पण नववीला जड जाईल, म्हणून साक्षीचा आणि लेखातल्या मुख्य भागाचा मराठी गोषवारा मी या आठवड्यात करून इथेच टाकतो.

@रात्रपाळी, तुम्हाला जमेल का? एकच बातमी पाच प्रकारे मथळा देऊन, 'आरोप' ठेवून आणि काढून, अशी एक तक्ता-पट्टी मुलांसाठी हवी आहे.

रात्रपाळी

जमेल. डाक आवृत्तीच्या मापाने एक आणि शहर आवृत्तीच्या मापाने एक, असे दोन संच करतो. मुलांना अक्षरं मोजून स्वतः मथळा द्यायला लावा, म्हणजे काय गळतं ते त्यांना हाताने कळेल. रविवारपर्यंत देतो.